मागच्या भिंतीत फाटक ठेवावे का : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव (बी-२०१) :
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या मागील बाजूच्या चार टॉवरच्या गृहसंकुलातील रहिवाशांनी आपल्या समितीला पत्र दिले आहे. आपल्या मागच्या भिंतीत फक्त पायी ये-जा करण्यापुरते फाटक ठेवावे, म्हणजे त्यांच्याकडील शाळकरी मुलांना आणि ज्येष्ठांना आपल्या अंतर्गत रस्त्याने बसथांब्यापर्यंत जाता येईल, अशी त्यांची विनंती आहे. रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे हा विषय येणार असल्याने सभासदांनी आपली मते येथे सविस्तर लिहावीत.

ए-३०४ :
सचिवसाहेब, माझा या फाटकास विरोध आहे आणि तो मी सभेतही नोंदवणार आहे. आम्ही २०११ साली धायरीत राहायला आलो तेव्हा गॅलरीतून सिंहगड दिसत असे, मागे ज्वारीचे रान होते आणि बोअरला बारमाही पाणी होते. आज त्या रानावर वीस-वीस मजली चार इमारती उभ्या आहेत. तीन वर्षे आपण त्यांच्या बांधकामाची धूळ सोसली, गेले दोन उन्हाळे बोअर मार्चमध्येच आटला आणि टँकरचा खर्च आपल्या मासिक वर्गणीत येऊन बसला. आता त्यांची वर्दळ आवारात घ्यायची, रखवालदाराचा पगार आपण द्यायचा आणि काही बरेवाईट घडले तर उत्तरही आपणच द्यायचे, हे मला पटत नाही.

सी-१०३ :
काकांशी मी सहमत आहे. एकदा वाट पडली की ती पुढे बंद करता येत नाही.

बी-५०२ :
काकांनी लिहिलेली प्रत्येक तक्रार खरी आहे. धुळीचा त्रास माझ्या आईलाही झाला, त्यामुळे ती तक्रार खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. माझी सारी नोकरी नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून झाली, म्हणून या भिंतीकडे पाहिल्यावर मला जे दिसते ते मांडतो.

आपली मागची भिंत सरळ नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पंपघराच्या मागे ती डावीकडे वळते, वीस-बावीस पावलांवर पुन्हा उजवीकडे येते, आणि त्या कोपऱ्यात एक जुनी बाभूळ अजून तग धरून आहे. याचे कारण एवढेच की ती भिंत शेताच्या बांधावर उभी आहे. कधीकाळी दोन भावांच्या वाटणीत जिथे बांध पडला, तिथेच आज दोन वस्त्यांची ताटातूट झाली आहे. आपल्या भागात शहर आले ते असे गटागटाने, म्हणजे शेतजमिनीच्या एकेका तुकड्याने आले. ज्या वर्षी जी जमीन विकली गेली त्या वर्षी तिच्यावर इमारत उठली, प्रत्येक बिल्डरने आपल्या तुकड्यापुरता नकाशा मंजूर करून घेतला, आतले रस्ते आपल्या कुंपणापाशी संपवले, आणि सगळ्यांना बाहेर पडायला उरली ती बैलगाडीपुरती सोडलेली पाणंद. तिच्यावर डांबर पडले आणि तिलाच आपण मेन रोड म्हणू लागलो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात भूखंडासमोरचा रस्ता जितका रुंद तितका अधिक एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या आकाराच्या तुलनेत बांधकामाची मुभा, मिळतो. नियमामागचा विचार चुकीचा नाही, कारण जास्त माणसांना जास्त रस्ता हवाच. पण मागच्या टॉवरपुढे जाऊन पाहा. तिथे अठरा मीटरचा रस्ता खरोखर आहे, पथदिवे आहेत, पदपथही आहे, आणि हे सगळे त्यांचे कुंपण संपते तिथे संपते. पुढे ओढ्यावरच्या मोरीपाशी दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते. वीस मजल्यांची परवानगी अठरा मीटर पाहून मिळाली आणि माणसे मात्र रोज त्या मोरीवरून जातात.

सी-६०१ :
दादांनी मोरीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझ्या मुलाच्या वर्गातला मित्र मागच्या तिसऱ्या टॉवरमध्ये राहतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची गॅलरी दिसते. भिंतीतून वाट असती तर तो चार मिनिटांत बसथांब्यावर पोहोचला असता. आज त्याला पाणंदीने मोरी ओलांडून सव्वा किलोमीटर फिरून यावे लागते, आणि सकाळी सात ते आठ ही नेमकी टँकरची वेळ असते. पावसाळ्यात मोरीवर घोटाभर पाणी असताना त्याची आजी त्याला कडेवर घेऊन टँकरच्या मागे थांबलेली मी पाहिली आहे. बाभळीजवळ भिंतीतली एक वीट निघाली आहे. परीक्षेच्या दिवसांत ही दोन मुले त्या भोकातून एकमेकांना वह्या देत होती. मला आधी त्याचे कौतुक वाटले, नंतर फार वाईट वाटले.

ए-३०४ :
मुलांविषयी माझ्या मनात काहीही नाही, हे ताईंनी लक्षात घ्यावे. माझा प्रश्न वेगळा आहे. इतकी दाटी होऊ दिली कोणी? आणि ती झाल्यावर तिचा भार शेजाऱ्याने का उचलायचा? आपण वाट दिली की महापालिका रस्ता करण्याचे कायमचे विसरेल.

बी-५०२ :
काका, तुमचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी येतो. त्याआधी दाटीविषयी थोडे लिहितो, कारण आपला राग दाटीवर आहे आणि माझ्या मते तो दुसरीकडे असायला हवा.

पुण्यातल्या सदाशिव, नारायण, शनिवार या जुन्या पेठाही दाटच आहेत. तिथे घराला घर लागलेले आहे, तरीही माणूस वाड्यातून बोळात, बोळातून रस्त्यावर असा चारी दिशांना बाहेर पडतो आणि दूध, भाजी, शाळा, दवाखाना त्याला पायी गाठता येतो. आपल्याकडे माणसे दाटीने राहतात, पण त्यांना बाहेर पडायला एकच तोंड आहे. शंभर पावलांवरच्या दुकानात जाण्यासाठी मोटार काढावी लागते आणि ती मोटार त्याच मोरीवर जाऊन उभी राहते.

हे टाळता आले नसते असेही नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, नगररचना योजना आखली गेली. अशा योजनेत सगळी शेते एकत्र धरून आधी रस्ते आणि मोकळ्या जागा काढतात, आणि मग प्रत्येक मालकाला थोडा लहान पण रस्त्यावर उघडणारा, चौकोनी भूखंड परत देतात. बांध तिथेच पुसले जातात. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन स्वतःहून एकत्र केली, म्हणून तिथले रस्ते एकमेकांना मिळतात. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हाळुंगे-माण येथे नगररचना योजना हाती घेतली ती याच तत्त्वावर. मार्ग शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या पट्ट्यात मात्र परवानग्या पुढे धावल्या आणि आराखडा मागे राहिला.

१९९७ साली ३८ गावे पुणे महापालिकेत घेतली आणि नंतर त्यांतली काही वगळली. २०१७ मध्ये धायरीसह ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली आणि शहराची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढली. या सगळ्या ओढाताणीत नळाचे पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी कोणी द्यायची, हे प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत राहिले. त्यातच २०११ नंतर जनगणना न झाल्याने आपण येथे नेमके किती जण राहतो, याचा अधिकृत आकडाही हाताशी नाही.

याचा परिणाम आपण जानेवारी २०२५ मध्ये भोगला. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, बघता बघता पुणे परिसरातील संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असताना इथली माणसे विहिरी आणि टँकरच्या पाण्यावर होती. त्या महिनाभर पाणी उकळताना आपल्या स्वयंपाकघरात आणि मागच्या टॉवरमधल्या स्वयंपाकघरात काडीचाही फरक नव्हता. त्या लोकांनीही आयुष्यभराची पुंजी घालून, कर्ज काढून, मिळाले तिथे घर घेतले, जसे आपण २०११ मध्ये घेतले. तेव्हा आपल्या इमारतींनीही कोणाचा तरी सिंहगड झाकला असेल.

आता काकांचा मुद्दा. वाट दिली तर महापालिका रस्ता विसरेल ही भीती रास्त आहे. म्हणून फक्त फाटकाचा ठराव करू नये, असे मी सुचवतो. विकास आराखड्यातील जो रस्ता मोरीपाशी तुटला आहे, तो जोडून मोरीच्या जागी पुरेशा रुंदीचा पूल बांधावा, असा अर्ज दोन्ही सोसायट्यांनी मिळून द्यावा. भूसंपादन नेमके कोणत्या गटापाशी अडले आहे, याची माहिती माहिती अधिकारात मागवावी. दोन्हीकडची मिळून जवळजवळ सहाशे कुटुंबे होतात. इतक्या सह्यांचे निवेदन बाजूला सारणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जात नाही, आणि भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून आपण ते करू शकत नाही.

ए-३०४ :
संयुक्त अर्जास माझी हरकत नाही आणि त्यावर पहिली सही मी करीन. फाटकाविषयी मात्र माझ्या अटी आहेत. दुचाकी आत येता कामा नये. रात्री दहा ते पहाटे साडेपाच फाटकाला कुलूप असावे आणि किल्ली आपल्याकडे राहावी. रखवालदाराच्या वाढीव खर्चाचा निम्मा वाटा त्यांनी लेखी मान्य करावा. शिवाय मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरवर अवलंबून न राहता जमीन सोसायटीच्या नावे करण्याची कायदेशीर प्रक्रिया, होऊन अंतर्गत रस्ता आपल्या सोसायटीच्या नावावर आला आहे. तेव्हा ही परवानगी आपण मैत्रीने दिलेली असून तिच्यातून वहिवाटीचा हक्क निर्माण होणार नाही, असे वकिलांकडून लिहून घ्यावे.

बी-५०२ :
सर्व अटी मान्य होण्यासारख्या आहेत. शेवटची तर मला सुचलीही नव्हती.

सी-१०३ :
या अटींवर माझाही विरोध राहणार नाही. फाटकाच्या बाजूला दिवा मात्र हवा, त्या कोपऱ्यात संध्याकाळनंतर अंधार असतो.

सचिव (बी-२०१) :
चर्चेवरून ठरावाचा मसुदा तयार करीत आहे. त्यात संयुक्त अर्ज पहिल्या क्रमांकावर आणि फाटक दुसऱ्या क्रमांकावर राहील. फाटक तीन फुटांचे असावे आणि दुचाकी अडवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना आडवे लोखंडी पाइप बसवावेत. व्हीलचेअर मात्र पाइपमधून वळली पाहिजे, म्हणून शनिवारी सायंकाळी पाच वाजता बी-५०२ मधील दादा, ए-३०४ मधील काका आणि मागच्या सोसायटीचे दोन प्रतिनिधी यांनी टेप घेऊन बाभळीपाशी भेटावे. बाभूळ तोडावी लागणार नाही अशीच जागा निवडावी.

सी-६०१ :
वीट निघाली आहे तिथून बाभूळ सहा-सात फुटांवर आहे. फाटक त्याच जागी बसू शकेल.