औषधाचं 'लक्ष्य' की 'मर्म'?

गोगलगाय: क्षयाच्या जंतूच्या चयापचयात (मेटाबॉलिझममध्ये) औषधांसाठी नवी 'टार्गेट्स' शोधण्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. मी लिहिलं 'औषधांची नवी लक्ष्ये'. संपादकांनी समासात विचारलं, "औषधाचं लक्ष्य रोग बरा करणं हेच ना? मग ते नवं कसं?" आयसोनायझिड हे क्षयावरचं औषध जंतूच्या मेणचट भित्तिकेला लागणारं मायकोलिक आम्ल बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं. त्या विकराला म्हणायचं काय?

तिरपागडा: पोपटाचा डोळा हे अर्जुनाचं लक्ष्यच होतं. संपादकांना कळवा.

धूळपाटी: 'वेध्य' म्हणा. नाहीतर सरळ 'टार्गेट'. विक्रीवाल्यांचं टार्गेट चालतं, औषधाचं का नको?

ताकमेतकूट: मर्म! जंतूत विकरं ढिगानं असतात, पण पुष्कळशी बंद पाडली तरी तो दुसरी वाट काढतो. जिथे घाव घातला की जीवच जातो, ते मर्म. सुश्रुतानं १०७ सांगितलीत.

तिरपागडा: सगळी जीव घेत नाहीत. 'रुजाकर' मर्मं नुसती दुखतात.

ताकमेतकूट: आणि 'कालांतरप्राणहर', म्हणजे उशिरानं जीव घेणारी, तीसुद्धा आहेत की! क्षयावरचं बेडाक्विलिन (अमेरिकेत मान्यता २०१२) एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणारं यंत्रच अडवतं, तरी सुरुवातीचे काही दिवस जंतू फारसे मरत नाहीत. साठवणीवर तग धरतात, मग कोसळतात. घ्या, शब्द तयार आहे.

धूळपाटी: हा शब्द गोळीपेक्षा मोठा आहे.

वळचण: मला 'चयापचय'च खटकतो. शाळेत मी तो 'चया-पचय' असा तोडायचो आणि पचनाशी सोयरीक लावायचो. अजून निम्मे लोक तेच करतात.

तिरपागडा: चय अधिक अपचय. रचणं आणि मोडणं. सोपं आहे.

वळचण: सोपं आहे, पण बरोबर नाही. संस्कृतात जोडी उपचय-अपचय अशी. नुसता 'चय' म्हणजे ढीग. आणि अपचय म्हणजे झीज, म्हणजे जवळपास क्षयच! 'क्षयाच्या जंतूचा अपचय' वाचून मला तरी जंतूच खंगलेला दिसतो.

ताकमेतकूट: खंगतो कुठला! आपल्या पेशीत बसून आपलीच चरबी, कोलेस्टेरॉल खातो. त्या चरबीवर जगायला त्याला आयसोसायट्रेट लायेज हे विकर लागतं, जे माणसात नाही. म्हणून तर सगळे त्याच्या मागे.

तिरपागडा: रूढ झालेला शब्द मोडू नये. 'उपचयापचय' म्हणून बघा, जीभ अडखळते.

वळचण: जीभ अडखळते म्हणून व्याकरण सोडायचं?

गोगलगाय: मंडळी, मी 'मर्मस्थळ' पाठवलं. आता संपादकांनी 'चयापचय'भोवती पेन्सिलीनं गोल केलाय.