समोरच्याला फाइल उघडली नाही तर जबाबदारी पाठवणाऱ्याचीच!

निळीशाई:
दुसऱ्या एका चर्चेत एकांनी लिहिलंय, "मी वर्डची फाइल मेल केली, समोरच्याच्या कॉम्प्युटरवर विस्कटली तर तो त्याचा प्रॉब्लेम, वर्ड सगळ्यांकडे असतंच." वाचून डोकंच फिरलं म्हणून हा वेगळा धागा. अहो, नसतं सगळ्यांकडे! कुणी मॅकवर पेजेस वापरतं, कुणी लिनक्सवर लिब्रेऑफिस, कुणी तर सगळं फोनवरच वाचतं. आणि वर्ड असलं तरी काय, तुम्ही वापरलेला फॉन्ट तिकडे नसेल तर प्रोग्रॅम न सांगता दुसरा लावतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि दोन पानांचं पत्र तीन पानांवर जातं. तुम्ही स्वतः पान तोडलं नसेल तर वर्डच्या फाइलमध्ये पान कुठे संपतं हे ठरलेलंच नसतं, ते उघडणारा कॉम्प्युटर ठरवतो. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा पक्की असते, फॉन्टही आत घालता येतो. १९९३ पासून ही सोय आहे, २००८ पासून आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं) स्टँडर्ड आहे. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफच पाठवा, आणि बदल करून हवे असतील तर काय उघडतं ते आधी विचारा.

कोरापान:
साफ असहमत. पीडीएफवाल्यांनीच जीव खाल्लाय माझा. मी भाषांतर करतो, लोक जाडजूड पीडीएफ पाठवून म्हणतात असंच्या असं मराठीत करून द्या. कॉपी केलं की प्रत्येक ओळीनंतर एंटर, दोन कॉलम असले तर एकमेकांत घुसलेले, तक्त्यांचा भुगा. आणि मराठी मजकूर असेल तर विचारूच नका, युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड) टाइप केलेला असला तरी काना-मात्रा इकडच्या तिकडे जातात, कारण पीडीएफला अक्षर कसं दिसतं ते आधी कळतं, शब्द काय आहे ते नाही. भाषांतरापेक्षा जास्त वेळ साफसफाईत जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

पेंग्विनवाला:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसचा फाइल-प्रकार, २००६ पासून आयएसओ स्टँडर्ड आहे, फुकट आहे, वर्डमध्येसुद्धा उघडतं. मी एके ठिकाणी अर्ज ओडीटीत पाठवला तर उत्तर आलं, "फाइल करप्ट आहे." करप्ट नव्हती हो, उघडून बघायचीच तयारी नव्हती! मी मात्र सगळ्यांच्या डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या फाइली, निमूट उघडायच्या. आणि ते विनमेल.डॅट? आऊटलूकमधून रिच टेक्स्टमध्ये मेल पाठवला की अटॅचमेंट त्या पुडक्यात बांधली जाते, दुसऱ्या कित्येक मेल प्रोग्रॅमना ती सोडवताच येत नाही. पाठवणाऱ्याला पत्ताच नसतो. एचटीएमएल किंवा साधा टेक्स्ट ठेवा, एवढं एक सेटिंग आहे.

निळीशाई:
@पेंग्विनवाला, डॉकएक्सही २००८ पासून आयएसओ स्टँडर्ड आहे. स्टँडर्डचा शिक्का असला म्हणून दोन प्रोग्रॅम एकच पान सारखं दाखवत नाहीत, माझं म्हणणं तेवढंच आहे.

खिळाजुळारी:
इंग्रजीपुरतं चाललंय सगळं. मराठी फाइल मेल करून बघा. माझं सगळं जुनं काम श्रीलिपी आणि शिवाजी ह्या जुन्या मराठी फॉन्टांत आहे, समोर तो फॉन्ट नसला की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून मी पीडीएफच पाठवतो, फॉन्ट आत, विषय संपला.

पेंग्विनवाला:
विषय तिथेच सुरू होतो! देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. अजून ते फॉन्ट वापरणं हा निव्वळ हट्ट आहे. तुमचा मजकूर मुळात मराठी नाहीच, आत कोड इंग्रजी अक्षरांचे आणि वर मराठी चित्रं. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, काही नाही.

खिळाजुळारी:
हट्ट? तोंड सांभाळून बोला. तुम्ही कधी पुस्तकाची पानं लावलीत का? कित्येक वर्षं पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. तेव्हा ह्याच फॉन्टांनी मराठी छपाई चालू ठेवली, तुमचं स्टँडर्ड कुठे होतं? आम्ही हजारो पानं अशी केलीत, ती काय फेकून द्यायची?

पेंग्विनवाला:
फेका कोण म्हणालं? पण तो प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटलाय. जुन्या अडचणीचं कारण देऊन आजही नव्या फाइली तशाच बनवताय, त्याला हट्टच म्हणतात.

कोरापान:
माझी बहीण दृष्टिहीन आहे. स्क्रीन रीडर लावून सगळे मेल ती स्वतः वाचते, कुणाची मदत घेत नाही. असा जुन्या फॉन्टचा पीडीएफ आला की तो रीडर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बोलत सुटतो. डोळ्यांना पान सुंदर दिसतंय, तिच्यासाठी त्यात एक शब्द नाही. स्कॅन करून पाठवलेल्या पत्रात तर तेवढंही नसतं. तिला शेवटी मला फोन करून विचारावं लागतं की ह्यात काय लिहिलंय. खिळाजुळारी, तुमचा विषय संपतो तिथे तिचं वाचणं संपतं.

खिळाजुळारी:
बहिणीबद्दलचं मान्य. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. नवीन काम मेलवर जाताना युनिकोडमध्ये देईन. पण जुन्याचं काय? युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं की रफार आणि जोडाक्षरं चुकतात, ओळ न् ओळ तपासावी लागते, आणि ती फुकटात करून द्या असं म्हणणारेच भेटतात. पेंग्विनवाल्यांनी 'हट्ट' म्हटलं ते मात्र मला अजिबात मान्य नाही.

पेंग्विनवाला:
बरं, शब्द मागे घेतो. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

कोरापान:
निळीशाई, मूळ विषयावर येतो. पीडीएफ पाठवा, पण सोबत मूळ फाइलही जोडा. एवढं झालं तर माझी तक्रार नाही.

निळीशाई:
चालेल, नाइलाजाने. पण अंतिम प्रत कुठली ते मेलमध्येच लिहायचं, नाहीतर लोक मूळ फाइल दुरुस्त करतात आणि पुढे जुनाच पीडीएफ पाठवत राहतात.