मदत हवी आहे : युद्धकाळातल्या जाहिरातींवर सेन्सॉरचा हात होता का?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांवर एक लेख लिहायला घेतलाय आणि जाहिरातींपाशी अडकलोय. जाणकारांनी जरा हात द्यावा.

बातम्यांचं बऱ्यापैकी कळलंय. मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायची सक्ती नव्हती. पण न दाखवता छापलं आणि शत्रूच्या उपयोगाचं निघालं तर खटला. म्हणजे ऐच्छिक म्हणायचं, एवढंच! जानेवारी १९४१ मध्ये सरकारनं 'डेली वर्कर' हे कम्युनिस्टांचं वर्तमानपत्र बंद केलं. मार्च १९४२ मध्ये 'डेली मिरर' एका व्यंगचित्रापायी बंद पडता पडता वाचला. बुडालेल्या जहाजाचा खलाशी तराफ्याला धरून पडलाय आणि खाली ओळ : पेट्रोल एका पेनीनं महागलं. चर्चिलना वाटलं, खलाशी नफेखोरांसाठी मरतायत असं सुचवलंय. मला तर ते वाचकालाच टोचणारं वाटतं, पेट्रोल जपून वापरा म्हणून.

पण जाहिरातींचं काय? कागद रेशनवर, अंक चार पानांवर आलेले, पेट्रोल कंपन्यांची नावं जाऊन सगळं 'पूल' या एकाच नावानं विकलं जात होतं. तरी दुकानात न मिळणाऱ्या मालाच्या जाहिराती चालूच! लोकांनी नाव विसरू नये म्हणून, हे समजतं. पण त्या मर्यादित जागेचा किती भाग जाहिरातींना द्यायचा, हे संपादक ठरवायचे की सरकार? आणि कारखान्याचं चित्र किंवा पत्ता असलेली जाहिरात सेन्सॉरकडे जायची का?

यावर कुणी काम केलं असेल किंवा त्या काळचे अंक कुठे चाळता येतील हे माहीत असेल, तर कृपया सांगा.