नव्या हॅमने (हौशी रेडिओ चालवणाऱ्याने) आधी काय शिकावं: मोर्स की बँड?

लांबलहर:
२००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ३० मेगाहर्ट्झखालच्या बँडांसाठीची (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांसाठीची) मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. तरी नवीन माणूस आला की "आधी मोर्स शीक" हे चालूच आहे. माझं मत, आधी बँड शिका. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून ४० मीटरवर (बँडांची ही नावं तरंगलांबीवरून) दिवसा जवळची स्टेशनं लागतात आणि रात्री लांबची. २० मीटर मुख्यतः उजेडाचा. १० मीटर सौरचक्राच्या, म्हणजे सूर्यावरच्या हालचालींच्या चढउताराच्या, मर्जीवर. हे माहीत नसलेला माणूस भर दुपारी ८० मीटरवर लांबच्या स्टेशनांना हाका मारत बसतो आणि कंटाळून छंद सोडतो. बोलायला एसएसबी (आवाज पाठवायचा प्रकार) आहे, २०१७ पासून एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल प्रकार) आहे. मोर्स सावकाश शिका.

डिटडा:
साफ असहमत. बँड तक्ता पाठ करून कळत नाही, ऐकून कळतो. १४.१०० मेगाहर्ट्झ लावा. जगभरातल्या १८ बीकनना (आपोआप सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांना) तिथे १०-१० सेकंदांची पाळी नेमून दिलेली आहे, ३ मिनिटांत फेरी पूर्ण. आधी मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), मग चार लांब सूर: १००, १०, १ आणि ०.१ वॅटचे. शेवटचा सूरही कानावर आला, तर त्या दिशेला बँड किती उघडा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मोर्स येणाऱ्याला हे सगळं फुकट मिळतं.

लांबलहर:
@डिटडा, बीकनचं उदाहरण उत्तम, पण ते माझ्याच बाजूने जातं! पाळ्या घड्याळाला बांधलेल्या आहेत. वेळ अचूक असेल तर कोणतं बीकन वाजतंय हे वेळापत्रकावरून कळतं, कॉलसाइन उतरवून घ्यायची गरजच नाही.

शून्यठोका:
लांबलहर यांच्याशी सहमत. कानाला जे सिग्नल ऐकूच येत नाहीत ते एफटी८ उचलतो. बँड उघडलाय का, हे त्याच्या नकाशावर पाच मिनिटांत दिसतं.

डिटडा:
दिसतं, पण सिग्नल कसा आलाय ते दिसत नाही. ध्रुवाजवळून आलेला सूर थरथरतो, खरखरीत होतो. हे एकदा कानात बसलं की सिग्नल कुठल्या वाटेने आला त्याचा अंदाज येतो. शिवाय मोर्सला साधारण १५० हर्ट्झ जागा पुरते, एसएसबीला सुमारे अडीच किलोहर्ट्झ. म्हणून तर ५ वॅटचा, स्वतः डाग देऊन जोडलेला ट्रान्समीटरही लांब पोचतो. नवशिक्याकडे मोठा अँटेना नसतो, त्यालाच मोर्सची खरी गरज.

नवीनकान:
मी दोन्ही बाजू वाचतोय. पण टिंब-रेघांचा तक्ता पाठ करूनही काहीच ओळखू येत नाही. काय चुकतंय?

डिटडा:
तक्ता बाजूला ठेवा. टिंबं मोजत बसलात तर पुढचं अक्षर निघून जातं. कॉख पद्धतीने जा: फक्त के आणि एम, पण पूर्ण वेगात, मिनिटाला २० शब्द. दहातली नऊ अक्षरं बरोबर आली की तिसरं अक्षर घ्या.

लांबलहर:
@नवीनकान, ही पद्धत मलाही मान्य, भांडण फक्त क्रमाचं आहे. पण ट्रान्समिट करण्याआधी "क्यूआरएल?" (ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?) विचारायचं आणि समोरचा वेगात असेल तर "क्यूआरएस" (सावकाश पाठवा) मागायचं, एवढं पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. आणि वेगात चालवणाऱ्यांनो, कुणी क्यूआरएस मागितलं तर खरोखर वेग कमी करा.