इयन मॅकेलन यांचा अभिनय आणि त्यांचे समलैंगिक असणे: रसिकांनी याकडे कसे पाहावे?

रंगरसिक

सर इयन मॅकेलन यांना मी आधी गॅंडाल्फ आणि मॅग्नेटो या पडद्यावरील भूमिकांमुळेच ओळखत होतो. आता त्यांचे जुने काम शोधून पाहण्याचा नाद लागला आहे. जानेवारी १९८८ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, बीबीसी रेडिओवरील एका चर्चेत त्यांनी आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले, हे बहुतेक चाहत्यांना ठाऊक असते. या गोष्टीचा त्यांच्या अभिनयाशी संबंध जोडावा का, की ती त्यांच्या सामाजिक कार्यापुरती ठेवून अभिनय स्वतंत्रपणे पाहावा? जाणकारांनी कृपया उदाहरणे देऊन लिहावे.

तिसरी घंटा

संबंध आहे, आणि तो १९८८च्या बराच आधीपासून आहे, असे माझे ठाम मत आहे. १९७९ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात मार्टिन शर्मन यांच्या 'बेंट' या नाटकात मॅकेलन यांनी मॅक्सची भूमिका केली. नाझी छळछावण्यांत समलैंगिक पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण लावला जात असे. तो टाळण्यासाठी मॅक्स स्वतःला ज्यू ठरवून घेतो आणि पिवळा तारा मिळवतो. पुढे दोन कैदी शेजारी शेजारी उभे आहेत, एकमेकांना स्पर्श करण्याची त्यांना मनाई आहे आणि त्यांचे सारे मीलन केवळ शब्दांतून घडते, असा एक प्रवेश येतो. नटाच्या हाती उच्चाराखेरीज काहीच न ठेवणारे असे लेखन विरळाच. आपली ओळख लपवणाऱ्या माणसाची ही भूमिका करणारा नट त्या वेळी स्वतःही जाहीरपणे गप्प होता, आणि १९९० मध्ये नॅशनल थिएटरात त्याने तीच भूमिका पुन्हा केली तेव्हा सारे जग त्याच्याविषयी जाणून होते, हे मला फार मोलाचे वाटते. सत्य सांगून टाकल्यानंतर आपला अभिनय सुधारला, असे मॅकेलन यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे.

नेपथ्य

वरील प्रतिसादाचा आदर ठेवूनही एक सावधगिरी सुचवावीशी वाटते: प्रत्येक भूमिकेचे मूळ नटाच्या खासगी आयुष्यात शोधू लागलो, तर त्याची मेहनत आपल्या नजरेतून निसटते. १९७६ मध्ये ट्रेव्हर नन यांनी स्ट्रॅटफर्डच्या एका छोट्याशा रंगमंचावर 'मॅकबेथ' बसवले. नेपथ्य जवळजवळ नव्हतेच, समोर ज्युडी डेंच होत्या, आणि प्रेक्षक इतके जवळ होते की कुजबुजही ऐकू जावी. त्याचे पुढे झालेले चित्रीकरण पाहताना मॅकेलन एकेका ओळीत विचार कसा जन्माला घालतात, हे स्पष्ट दिसते.

१९९५च्या 'रिचर्ड द थर्ड' चित्रपटात सुरुवातीचे स्वगत ते मेजवानीतील जाहीर भाषण म्हणून सुरू करतात आणि पुढचा भाग स्वच्छतागृहात, आरशासमोर, थेट कॅमेऱ्याकडे वळून पूर्ण करतात. स्वगताचे दोन भाग पाडून एक जगासाठी आणि एक आपल्यासाठी ठेवण्याची ही युक्ती चित्रपटाची पटकथा लिहिण्यातही सहभागी असलेल्या नटाला शोभणारी आहे. एक हात निकामी असलेल्या रिचर्डची बारीकसारीक कामे ते दुसऱ्या हाताने ज्या सहजतेने करतात, त्यामागे केवढा सराव असेल!

विंगेतून

दोन्ही मते मला पटतात, तरी काळाचा संदर्भ सुटू नये. १९८८च्या त्या चर्चेचा विषय 'कलम २८' हा होता. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये, असे सांगणारी ही तरतूद त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लागू झाली. ती स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली रद्द झाली. मॅकेलन १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'स्टोनवॉल' या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. त्या काळात एवढ्या नावारूपाला आलेल्या नटाने असे बोलणे म्हणजे पुढील भूमिका पणाला लावणे होते. प्रत्यक्षात १९९१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि 'गॉड्स अँड मॉन्स्टर्स' या १९९८च्या चित्रपटात समलैंगिक दिग्दर्शक जेम्स व्हेल साकारल्याबद्दल त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. त्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा मिस्कीलपणा आणि त्याखालची भीती हे दोन्ही ते एकाच वाक्यात दाखवतात. माझ्या दृष्टीने पडद्यावरील त्यांचे सर्वोत्तम काम हेच.

रंगरसिक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवख्या प्रेक्षकाने सुरुवात कुठून करावी?

नेपथ्य

आधी 'रिचर्ड द थर्ड' पाहा, कारण चित्रपटाची भाषा तुमच्या सवयीची आहे, मग 'मॅकबेथ'. 'किंग लिअर' मात्र शेवटी ठेवा. २०१८ मध्ये लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरातून त्याचे चित्रपटगृहांत प्रक्षेपण झाले, तेव्हा मॅकेलन ७९ वर्षांचे होते. आधीची दोन्ही कामे पाहिलेली असली, म्हणजे त्या लिअरमध्ये त्यांनी आवाजाचा जोर किती जाणीवपूर्वक कमी केला आहे, हे लक्षात येते.