नकाशातले गाव आणि जागेवरचे गाव
उपग्रहचित्रे आणि जीआयएस (संगणकावर नकाशे व जागेची माहिती जोडणारी प्रणाली) हाती आल्यामुळे प्रादेशिक योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारे आराखडे, आपोआप अचूक होतात, हे मत मला पटत नाही. गोव्याची २०११ सालापर्यंतसाठी आखलेली प्रादेशिक योजना जनआंदोलनानंतर २००७ मध्ये रद्द झाली. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या कृती दलाकडे आलेल्या, २०२१ सालापर्यंतच्या योजनेत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे नकाशावर आखली गेली आणि गावनिहाय मसुदे पंचायतींपुढे ठेवले गेले. माझ्या मते मसुदे गावापुढे ठेवणे हीच त्यातली मोलाची गोष्ट. उपग्रहाला खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा, हिरवा रंग दिसतो. ते शेत कुळाचे की कोमुनिदादचे (गावाच्या सामाईक जमिनीची मालक असलेल्या जुन्या ग्रामसंस्थेचे), मानशीची (खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दाराची) देखभाल कोण करते, हे दिसत नाही. शिवाय जुने भूमापन नकाशे उपग्रहचित्रावर बसवताना हद्दी काही मीटर सरकू शकतात, म्हणून त्यांची पडताळणी गावकऱ्यांसह प्रत्यक्ष जागेवरच व्हायला हवी.