वीज कडाडली की प्लग काढायचे, की अर्थिंग आणि एसपीडीवर (मुख्य बोर्डात बसणाऱ्या झटका-संरक्षकावर) खर्च करायचा?

सडा_सर्किट

गोव्यात राउटर, टीव्ही आणि संगणक जळण्याचे दोन हंगाम आहेत. मे अखेरीचा वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरातला परतीचा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कितीही कोसळला तरी गडगडाट त्या मानाने कमी असतो. वस्तू जळली की बहुतेक लोक नवी आणतात आणि सोबत एक स्पाइक गार्ड घेतात. हा पैसा चुकीच्या जागी जातो, असे माझे ठाम मत आहे.

स्पाइक गार्डमध्ये काम करणारा भाग म्हणजे एमओव्ही, बटणाएवढी एक चकती. दाब (व्होल्टेज) ठरावीक पातळीपलीकडे गेला की ती जादा प्रवाहाला वाट करून देते. ही वाट तीन जोड्यांमध्ये लागते: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. घरात अर्थच नसेल तर तीनपैकी दोन वाटा बंद. शिवाय प्रत्येक दणक्याबरोबर चकती थोडी थोडी खर्च होते. चार-पाच वर्षे वापरलेल्या गार्डचा लाल दिवा पेटतो म्हणजे आत वीज पोचते आहे, इतकेच त्यावरून कळते. चकती शाबूत आहे का, हे त्यावरून कळत नाही.

आता आपल्या जमिनीकडे बघा. सड्यावर, म्हणजे पठारावर, जांभा दगड. त्यात पाणी टिकत नाही, झिरपून जाते. मे अखेरीस अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक असतो आणि वळवाची वीज नेमकी तेव्हाच पडते. चोडण-दिवाडीसारख्या खाजनांच्या (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांच्या) भागात उलटी तऱ्हा: खारट ओली माती, रोध कमी, पण अर्थिंगचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आणि त्यावरचा क्लॅम्प गंजून जातो. वर तार दिसते, खाली जोड उरलेला नसतो.

म्हणून माझा क्रम असा. आधी अर्थिंग. सड्यावर किमान अडीच-तीन मीटर खोल इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचा धातूचा पाइप किंवा दांडा), भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) किंवा तयार मिळणारी अर्थिंग पावडर आणि वरून पाणी ओतायला तोंड. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचे. एका इलेक्ट्रोडने भागत नसेल तर दुसरा, पहिल्यापासून निदान त्याच्या लांबीइतका दूर. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आकडा आला तर उत्तम, सड्यावर १० आला तरी पुष्कळ. मग डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीज-बोर्डात) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आणि टाइप २ एसपीडी. एवढे झाल्यावर हवा तर स्पाइक गार्ड आणि यूपीएस.

भाड्याची_खोली

तुम्ही स्वतःचे घर असणाऱ्यांसाठी लिहिता आहात. पर्वरी, ताळगाव, वास्को इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने खड्डा कुठे खणायचा? डीबीला हात लावायलाही घरमालकाची परवानगी लागते.

आणि मुळात प्लग काढण्याइतकी पक्की हमी कुठल्याच उपकरणात नाही. दोन इंच हवेची फट एसपीडीपेक्षा सरस आहे, आणि फुकट. फक्त ती नीट करावी. स्विच बंद करणे म्हणजे प्लग काढणे नव्हे. भिंतीवरचा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात आणि स्विचच्या आतली फट जेमतेम काही मिलिमीटरची असते. राउटरचा अडॅप्टर काढला पण सेट-टॉप बॉक्सला डिशची केबल तशीच ठेवली, तर बॉक्स जातो आणि एचडीएमआय पोर्टमधून टीव्हीही जातो. लॅन केबलचेही तेच.

वेळही महत्त्वाची. चमक आणि आवाज यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आली आहे. काढायचे ते त्याआधी काढावे. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला किंवा केबलला हात लावू नये. पुण्याच्या आयआयटीएमचे (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे) 'दामिनी' अ‍ॅप फोनवर ठेवा, २० ते ४० किलोमीटर परिघातल्या विजेची सूचना त्यावर येते.

सडा_सर्किट

गडगडाट दुपारी तीनला येतो आणि घरातली माणसे कामावर असतात. फ्रिज, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप यांचे प्लग रोज सकाळी काढून जाणार का? प्लग काढणे उत्तम आहे, पण ती माणसाच्या हजेरीवर अवलंबून असलेली सोय आहे. एसपीडी रात्री अडीचलाही कामावर असतो.

फोंड्याचा_वायरमन

दोघेही विजेबद्दलच बोलता आहात. घरातली इलेक्ट्रॉनिक्स जाण्याचे दुसरे मोठे कारण न्यूट्रल तुटणे हे आहे, आणि त्यापुढे एसपीडीचा काही उपयोग होत नाही. वाऱ्यात माडाचे चुडत (झावळी) तारांवर पडते, खांबावरचा न्यूट्रल सुटतो किंवा गंजलेला जोड सैल पडतो. मग तुमच्या २३० व्होल्टच्या लाइनवर शेजारच्या फेजचा भार किती आहे त्यानुसार ३०० येतात, ३५० येतात, पार ४०० च्या जवळही जातात. हे मायक्रोसेकंदांचे काम नाही, मिनिटामिनिटांचे आहे. एमओव्ही अशा सततच्या दाबाला बनलेली नाही. ती तापते आणि फुटते. स्वस्त स्पाइक गार्डचे प्लास्टिक वितळते ते यामुळेच.

यावर उपाय म्हणजे डीबीतल्या रेलवर (पट्टीवर) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, दाब फार चढला किंवा उतरला की वीज तोडणारा. दोन मॉड्यूलची जागा घेतो. वरची मर्यादा २६५, खालची १७५ आणि परत जोडण्याचा विलंब ६० सेकंद ठेवा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला विलंब जास्त हवा, तीन मिनिटे ठेवली तरी हरकत नाही. घरभराचा भार बघून ४० किंवा ६३ अँपिअरचा घ्यावा. आधी हा, मग एसपीडी, असे माझे मत आहे.

दुसरे, बल्ब लावून अर्थिंग तपासणे आता तरी थांबवा. फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॉटचा बल्ब लावला, लख्ख पेटला, अर्थिंग झकास, असे सांगतात. हिशोब करा. त्या बल्बचा गरम असतानाचा रोध सुमारे ५३० ओहम. अर्थिंग ५० ओहमचे, म्हणजे अगदी टाकाऊ असले, तरी त्यात जेमतेम २० व्होल्ट हरवतात आणि बल्ब डोळ्यांना तसाच दिसतो. त्याच ५० ओहमच्या अर्थवर फ्रिजच्या बॉडीला फेज लागला तर प्रवाह ४.६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही आणि बॉडी जिवंत राहते. म्हणून आरसीसीबी हवाच, आणि मोजमाप अर्थ टेस्टरनेच.

एक धोक्याची गोष्ट: अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून, म्हणजे लूप मारून देणारे लोक आहेत. टेस्टरवर सगळे ठीक दिसते. न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर फेज येतो. लूप दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

सडा_सर्किट

न्यूट्रलचा मुद्दा मान्य, प्रोटेक्टर यादीत हवाच. पण तो विजेच्या दणक्याला थांबवत नाही. त्याचा रिले उघडायला मिलिसेकंद लागतात आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला असतो. म्हणजे एकाऐवजी दुसरे असा हिशोब नाही.

एसपीडी बसवताना बहुतेक ठिकाणी होणारी चूक तारेच्या लांबीची असते. खोक्यावर लिहिलेला १.५ किलोव्होल्टचा आकडा (झटक्यात एसपीडी किती दाब पुढे जाऊ देतो तो) एसपीडीच्या टोकांवरचा आहे. झटक्यात दर मीटर तारेवर साधारण १ किलोव्होल्टची भर पडते. फेजकडून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीकडून अर्थ बारपर्यंत, दोन्ही तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सुबक दिसावी म्हणून डीबीभर वळसा घालून नेलेली तार संरक्षण निम्मे करून टाकते. खांबावरून न्यूट्रल येतो आणि अर्थ घरचाच, अशा जोडणीत फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब (वायू भरलेली नळी) असलेला एसपीडी घ्यावा आणि तो आरसीसीबीच्या आधी लावावा, नाहीतर प्रत्येक गडगडाटाला आरसीसीबी पडेल. सतत सोसायच्या दाबाचा आकडा २७५ ऐवजी ३२० व्होल्ट असलेला निवडला तर आपल्या चढत्या-उतरत्या दाबात जास्त टिकतो. एसपीडीवरची छोटी खिडकी हिरवी असेपर्यंत चालू, लाल झाली की कार्ट्रिज बदलायचे. घरावरच वीज पडली तर यातले काहीच पुरेसे नाही, हेही स्वच्छ सांगतो.

मोरजी_गेस्टरूम

मोठे घर आणि मागे पर्यटकांच्या दोन खोल्या, मध्ये चाळीस मीटर लॅन केबल आणि फाटकावर पीओई कॅमेरा (लॅन केबलमधूनच वीज घेणारा), अशी मांडणी किनाऱ्यावर जागोजाग आहे. तिथे मीटरवरचा एसपीडी कशाला पुरणार? जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थच्या दाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि तांब्याची लॅन केबल तो फरक घेऊन थेट नेटवर्क स्विचच्या पोर्टात शिरते. इथे प्लग काढूनही भागत नाही, कारण केबल दोन्ही टोकांना जोडलेली असते.

दोन इमारतींमध्ये फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारी डबी). काच वीज वाहून नेत नाही. मात्र घरी येणाऱ्या चपट्या ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती बाहेर हुकाला बांधून तिथेच तोडायची. ती तशीच आत ओएनटीपर्यंत (फायबर जिथे जोडतात त्या घरातल्या डबीपर्यंत) आणून ठेवली तर फायबर घेऊनही फायदा गेला. फाटकावरच्या कॅमेऱ्याला पीओई सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्याची हिरवी तार लोंबकळत ठेवू नका, ती अर्थला गेली तरच काम होते.

यूपीएस_विचारा

घरून काम करणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याला पाच सेकंद वीज गेलेलीही चालत नाही. पहिल्या पोस्टमध्ये यूपीएस सर्वांत शेवटी टाकला आहे, त्याला माझा विरोध आहे. अचानक वीज जाऊन लिहीत असलेली फाइल आणि डिस्क बिघडणे हे वर्षभर चालते, ऑक्टोबरपुरते नाही.

लॅपटॉपला स्टॅबिलायझर लागत नाही. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेले असते आणि आतली बॅटरी हाच यूपीएस. पैसे राउटरवर घाला. ओएनटी आणि राउटर मिळून १०-१२ वॉट घेतात. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस ८८०० मिलिअँपिअर-तास सांगतो तो ३.७ व्होल्टच्या सेलवर, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. रूपांतरातली घट धरून दोन तासांच्या वर चालतो. आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि पिनची ध्रुवता बघा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ जोडले तर तो यूपीएसमुळेच जाईल.

डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉट. आतली ७ अँपिअर-तासाची बॅटरी आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत बसते. लेझर प्रिंटर त्याच्या बॅटरीच्या सॉकेटवर कधीही लावू नका. त्याचा फ्यूजर (छपाई उष्णतेने पक्की करणारा भाग) तापताना ७००-१००० वॉट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होतो. आणि घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो, साध्या मोडमध्ये २०-४० लागतात. संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो.

भाड्याची_खोली

यूपीएस मोडला दाबाची खिडकी अरुंद असते, साधारण १८० ते २६० व्होल्ट. गावात संध्याकाळी दाब १७० वर उतरतो तिथे इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाणार आणि खरी वीज गेली तेव्हा बॅटरी रिकामी सापडणार. त्या ठिकाणी साधा मोड आणि संगणकाला वेगळा छोटा यूपीएस हेच बरे.

खारा_वारा

जळणे दिसते, गंजणे दिसत नाही. कळंगुटपासून काणकोणपर्यंत समुद्राच्या पट्ट्यात मदरबोर्ड मरतात ते दमट खाऱ्या हवेने. पावसाळाभर प्लग काढून कपाटात ठेवलेला संगणक चवथीला चालू करायचा, हा 'प्लग काढा' सल्ल्याचा तोटा आहे. रोज तासभर चालवला तर आतली ऊब ओल धरू देत नाही. एसीच्या खोलीतला २२ अंशांचा लॅपटॉप उचलून पडवीत नेऊ नका. जुलैत दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होते तो) २४-२५ अंशांवर असतो, धातूवर लगेच पाणी धरते. बॅगेत घालून, चेन लावून अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा.

सडा_सर्किट

@भाड्याची_खोली, भाड्याच्या जागेसाठी: मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा. चालू भारावर दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अगदी शून्य आला आणि भार वाढवूनही हलला नाही, तर वायरमनबाबांनी सांगितलेला लूप असण्याची शक्यता आहे. अर्थच नसेल तर तीन पिनांच्या अडॅप्टरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. दोन्हींपैकी काही आढळले तर सोसायटीला लेखी कळवा, कारण इमारतीचे अर्थिंग ही तिची जबाबदारी आहे. उत्तर येईपर्यंत तुमचा उपाय बरोबर आहे: प्लग काढा, डिशची केबल काढा, लॅन काढा.